बाटली क्रमांक सत्तावीस

१९ सप्टेंबर १९९७, शुक्रवार. करामा, दुबई

चर्चमधल्या सकाळच्या मिसाहून आलो आणि ही वही उघडली. अल क्वोजच्या शीतपेयांच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं मी लॅबचं रजिस्टर लिहिलं. बाटलीतला गॅस, साखर, झाकणाची पकड. गेल्या महिन्यात नवी लाइन आली. ती सगळं स्वतःच मोजते आणि स्वतःच छापते. लॅबला कुलूप लागलं आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. तिथल्या रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं काही नसतं. हाताला सवय आहे, म्हणून घरी लिहितो.

निमित्त असं की २७ डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. पंधरा माणसं जेवायला येतील. टोस्टसाठी बिअर मी स्वतः करणार आहे. परवाना आहे, दुकानातून आणता येते, तो प्रश्न नाही. आजवर दुसऱ्यांचं पेय बाटलीत भरलं, एकदा स्वतःचं भरायचं आहे. घरी बिअर करणं इथल्या कायद्यात बसत नाही, म्हणून ही वही कपाटात, माझ्या बनियनांच्या खाली.

साहित्य: मायदेशी परतलेल्या एका इंग्रज इंजिनिअरने दिलेले माल्टच्या पाकाचे दोन डबे, यीस्ट, उरलेली साखर मोजायचा हायड्रोमीटर, आणि लॅबच्या भंगारातून उचललेलं हाताने झाकण दाबायचं यंत्र.

हिल्डाला सांगितलं. ती म्हणाली, "पोलीस आले तर मी सांगीन, ह्या माणसाला मी ओळखतच नाही." मग म्हणाली, "पण जेवण मी घरीच करणार हां. कॅटरिंग-बिटरिंग काय नको. लग्नात आयने केलेलं ना, तसंच पोर्क करणार. मसाला आहे माझ्याकडे."

तिच्याकडे मसाला नेहमीच असतो.

२० सप्टेंबर

पहिला घाणा. अर्धा डबा पाक, साखर, पाणी, एकूण दहा लिटर. बादली स्वयंपाकघरात, सिंकच्या बाजूला. तिथे एसी नाही. तापमान ३४.

२७ सप्टेंबर

फॅक्टरीतल्या पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत भरलं. गॅस धरावा म्हणून प्रत्येकीत चमच्याने साखर घातली. झाकणं पक्की बसली. यंत्राचा दांडा खाली दाबताना बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फॅक्टरीतल्या अकाउंट्सचा उपेंद्र सबनीस जेवायला आला होता. त्याच्यासमोर पहिली बाटली उघडली. फेस थेट ट्यूबलाइटपर्यंत. बाटलीत दोन घोट उरले.

उपेंद्र शर्ट पुसत म्हणाला, "फेलिक्स, यार, ये बिअर है की फायर एक्स्टिंग्विशर? माझा हा नवीन शर्ट आहे रे, तीस दिरहॅम्सचा, म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये!"

दुसरी उघडली, तीच गत. तिसरी हिल्डाने उघडू दिली नाही.

५ ऑक्टोबर

दुपारी एक वाजता, मी कामावर असताना, एक बाटली आपोआप फुटली. काच फ्रिजच्या दारात रुतली. हिल्डाला सुट्टी होती, ती घरात होती, पण स्वयंपाकघरात नव्हती. वॉचमन वर आला. तिने सांगितलं, कुकरची शिटी उडाली.

उरलेल्या बाटल्यांवर ओलं पोतं टाकून तिने त्या बाल्कनीत ठेवल्या होत्या. मी सगळ्या एकेक करून उघडल्या आणि ओतून दिल्या. ती स्वयंपाकघरात असती तर, हा विचार दिवसभर गेला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दोष शोधला. एक, आंबणं पुरं व्हायच्या आधीच भरलं, म्हणजे बाटलीत साखर आधीच शिल्लक होती. दोन, वरून चमच्याने घातलेली साखर कमीजास्त पडली. तीन, उष्णता. चार, पांढरी काच पातळ असते, शिवाय उजेडाने बिअरला वास येतो. तपकिरी, जाड बाटली हवी.

नव्याने शिकलो असं यात काही नाही. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

११ ऑक्टोबर

दुसरा घाणा. बादली आमच्या बेडरूममध्ये, एसीसमोर. तापमान २२. झाकणातल्या नळीतून गॅस बाहेर पडतो, त्याची बुडबुड चालू असते. हिल्डा झोपायला ॲनेटच्या खोलीत गेली. ॲनेट आमची मुलगी, वीस वर्षांची, ट्रॅव्हल एजन्सीत असते. ती म्हणाली, "Dad, you have literally replaced Mom with a bucket."

२५ ऑक्टोबर

तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा तोच. आंबणं संपलं. आता बाटल्या.

३० ऑक्टोबर

करामातल्या दुकानांत तपकिरी बाटलीतलं बिनदारूचं माल्ट पेय मिळतं. ते ॲनेटने आणि मी वीस दिवस पिऊन चोवीस बाटल्या जमवल्या. तरी दोन लिटर माल उरतो. मोठ्या तीन बाटल्या कमी पडतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हिल्डा चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती. बाटल्या भरायची नळी शोधायला लॉफ्टवर चढलो, तर नाताळात मांडायच्या येशूजन्माच्या गोठ्याच्या खोक्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन तपकिरी बाटल्या सापडल्या. आपल्याकडच्या साडेसहाशे मिलीच्या बिअरच्या. नेमक्या हव्या तशा.

आत मसाला होता. आमच्या वसईला वर्षाचा मसाला मे महिन्यात करतात. वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कांडून, बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. उजेड लागू नये म्हणून तपकिरी बाटली. कारण तेच, बिअरसारखंच. हिल्डाची आई दरवर्षी तानुबाईला बोलावून तो कांडून घ्यायची आणि हिल्डा सुट्टीवरून येताना घेऊन यायची. यंदा मात्र हिल्डा मेमध्ये गेलीच नाही. बाटल्यांवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर आईच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं: हिल्डा, मे ९६. म्हणजे सतरा महिने. रोजच्या जेवणाला हिल्डा हल्ली दुकानातला मसाला वापरते, हे मी पाहिलं आहे. म्हणजे हा पडून राहिलेला माल. फॅक्टरीत तारीख उलटली की आम्ही मोकळं करायचो, विचारायची पद्धत नव्हती.

लोखंडी सळईने मसाला उकरून काढला. दगडासारखा झाला होता. पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. बाटल्या गरम पाण्यात साबणाने तीनदा धुतल्या. चिकटपट्ट्या सुटल्या. घरभर वास सुटला होता, म्हणून खिडक्या उघडल्या.

१ नोव्हेंबर

साखरेचा पाक उकळून, मोजून सगळ्या मालात मिसळला आणि बाटल्या भरल्या. क्रमांक १ ते २४ लहान, २५ ते २७ मोठ्या. टोस्ट मोठ्या बाटल्यांतून करायचा. टेबलावर त्या शोभतील.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. संध्याकाळी हिल्डाने मेणबत्ती लावली. मागच्या नोव्हेंबरमध्ये तिची आई वारली, तेव्हा हिल्डाचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीत अडकला होता. मातीला पोचता आलं नाही.

आजही ती ॲनेटच्या खोलीत झोपली. बेडरूममधला वास अजून गेलेला नाही, बहुतेक त्यामुळे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईच्या वर्षाचा मिसा होता. परत येताना टॅक्सीत हिल्डा म्हणाली, "जुबिलीला आय पाहिजे होती रे."

मी म्हटलं, "हो."

मग म्हणाली, "तिच्या हातचं तरी टेबलावर असेल."

मी पुन्हा हो म्हटलं. फोटो ठेवणार असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्र. ४ उघडली. बारीक सुस्कारा. ग्लासात दोन बोटं फेस, पांढरा, दाट. घड्याळ लावलं. चार मिनिटांनी तो एका बोटावर आला आणि पिऊन संपल्यावर ग्लासाच्या कडेला गोल गोल रेषा उरल्या. रंग स्वच्छ.

उपेंद्रने अर्धा ग्लास एका दमात संपवला. "खलास, हबीबी! तू आता फॅक्टरीला रेझिग्नेशन दे."

हिल्डाने लांबूनच पाहिलं. ती पीत नाही. पण म्हणाली, "चांगली दिसते रे." मला आनंद झाला. पुष्कळ दिवसांनी झाला.

२ डिसेंबर, मंगळवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्त्यांवर दिवे. मोठ्या बाटल्या तपासाव्यात म्हणून क्र. २५ उघडली. आवाज व्यवस्थित, म्हणजे गॅस आहे. ओतली, फेस आला आणि दहा सेकंदांत गेला. ग्लासात नुसतं पिवळं पाणी, खालून बुडबुडे येतात आणि वर येऊन मरतात.

म्हणजे दोष साखरेत नाही, झाकणातही नाही. गॅस आहे, फेस टिकत नाही. याचं कारण बहुतेक वेळा स्निग्धपणा असतो. ॲनेट त्या ग्लासातून एक घोट प्यायली होती, तिच्या लिपस्टिकवर संशय घेतला. दुसरा ग्लास गरम पाण्याने धुऊन पुन्हा ओतली. तेच. त्याच ग्लासात क्र. ९ ओतली, दोन बोटं फेस, चार मिनिटं.

मग ग्लासाचा दोष नाही.

४ डिसेंबर

क्र. २६ उघडली. तशीच. चव ठीक आहे, पण मागे काहीतरी आहे. नाव सापडत नाही.

एकाच बादलीतला माल, एकाच दिवशी भरलेला. लहान बाटल्या बऱ्या, मोठ्या बिघडलेल्या. जेवतानाही हेच डोक्यात. हिल्डा काहीतरी सांगत होती, उद्या मिसानंतर गोठा काढायचा आहे, स्टूल धर. मी मान हलवली.

५ डिसेंबर, शुक्रवार

घडलं त्या क्रमाने लिहितो.

मिसाहून आल्यावर मी टेबलाशी बसलो. क्र. २६ च्या रिकाम्या बाटलीत थोडं गरम पाणी घालून हलवलं आणि एक थेंब तपकिरी कागदावर टाकला. कागद सुकला, तरी डाग राहिला, आरपार दिसणारा. तेल. बाटली नाकाला लावली. धणे, लवंग, मिरची. तीनदा धुऊनही काचेला मसाल्याचं तेल धरून राहिलं होतं. साबणाने ते निघत नाही, धुण्याचा सोडा लागतो. एवढं साधं आणि मी तीन दिवस घालवले.

हिल्डा पॅसेजमध्ये स्टुलावर उभी होती, गोठ्याचं खोकं हातात. ॲनेट स्टूल धरून. मी कागद घेऊन धावत गेलो.

"सापडलं! बाटल्यांचा दोष आहे. मसाल्याचं तेल राहिलं होतं आत."

"कुठच्या बाटल्या?" हिल्डाने विचारलं.

"त्या वरच्याच. गोठ्यामागच्या."

ती खाली उतरली. खोकं सावकाश जमिनीवर ठेवलं. "मसाला कुठेय?"

"टाकला. ऑक्टोबरमध्येच. सतरा महिन्यांचा होता गं, दगड झाला होता."

ॲनेट म्हणाली, "Dad. Oh my God. Dad."

हिल्डाने विचारलं, "तिन्ही?" मी म्हटलं, तिन्ही. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

निष्कर्ष: क्र. २५ ते २७, स्निग्ध बाटली. उपाय: धुण्याचा सोडा.

संध्याकाळी. ॲनेटने मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं. "That was Granny's last masala. मम्मीने तो वापरलाच नाही. She was saving it for your party. You didn't even ask?"

माहीत असतं तर, असं मी तिला म्हणायला गेलो आणि थांबलो. टॅक्सीतलं वाक्य मी याच वहीत लिहिलेलं आहे. मागची पानं उलटून पाहिली. सगळं नीट, तारीखवार लिहिलेलं आहे.

९ डिसेंबर

हिल्डा बोलते, पण कामापुरतं. चहा झाला. धोब्याचा फोन होता. दूध आण.

१० डिसेंबर

वसईला हिल्डाच्या वहिनीला फोन केला. मसाला आहे का? म्हणाली, "आमचा पण संपला भाऊजी. मेमध्ये करू ना आता, तानुबाई येते अजून. पण आयसारखा नाय होत. माप तिच्या हातातच होतं, कोणी लिहून घेतलं नाय."

एकोणीस वर्षं मी सगळ्याची मापं लिहून घेतली. हे एक घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

१५ डिसेंबर

हिल्डाला विचारलं, पार्टी रद्द करायची का. ती म्हणाली, "कशाला? लोकांना बोलावलंय. दुकानातला मसाला आहे ना, त्यात करते." तिने कणीक मळायला घेतली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सुपरमार्केटच्या मागच्या, मुसलमानेतरांसाठीच्या खोलीतून पोर्क आणलं. दुपारी हिल्डाने मोठं पातेलं चढवलं. मी बाजूला उभा होतो. दुकानातल्या मसाल्याचं पाकीट तिने कात्रीने कापलं, आणि मला ते बघवेना.

मी क्र. २७ आणून ओट्यावर ठेवली. काय बोलायचं ते दहा दिवस ठरवत होतो, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, "हिल्डा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. दर वेळी विचारायला हवं होतं. मसाला आता परत येणार नाही. पण ह्या बाटलीत त्याचं तेल आहे. बिअर म्हणून ही फुकट गेलीय. फेस येत नाही हिला, वास येतो."

तिने कात्री खाली ठेवली. मग ओपनर मागितला. पंचवीस वर्षांत तिने एकही बाटली उघडली नव्हती, झाकण दोनदा निसटलं. मी हात पुढे केला नाही.

फुस्स झालं. तिने बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"लवंग," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नागकेशर. तानुबाई नागकेशर जास्त भाजायची. आय ओरडायची तिला, काळं करशील गं सगळं." आणि ती रडायला लागली, तेरा महिन्यांचं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही.

मग तिने सगळी बाटली पातेल्यात ओतली. पोर्कवर पिवळं पाणी पसरलं, चार बुडबुडे आले आणि गेले.

मी सवयीने रिकामी बाटली घेतली आणि सिंककडे वळलो. धुण्याचा सोडा तिथेच होता.

"फेलिक्स," ती म्हणाली. "धुऊ नको ती."

२७ डिसेंबर, शनिवार

पंधरा माणसं आली. टोस्ट लहान बाटल्यांतून झाला. उपेंद्रने सगळ्यांना सांगितलं की फेसावर नाणं ठेवलं तरी बुडणार नाही. मी घड्याळ लावलं नाही. पोर्क संपलं. हिल्डाच्या एका मैत्रिणीने विचारलं, मसाला कुठला? हिल्डा म्हणाली, "आयचा."

लोक गेल्यावर क्र. २७ ला नवं झाकण दाबलं. चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलने लिहिलं: हिल्डा, मे ९६. अक्षर माझं आहे, आईचं जमलं नाही. कागदात गुंडाळून लॉफ्टवर ठेवली, गोठ्याच्या रिकाम्या जागी. हिल्डाने स्टूल धरलं होतं.

नोंद: बाटली क्र. २७. रिकामी. धुतलेली नाही.